वीज गेल्यानंतरची पंधरा मिनिटं: एका घरगुती सर्व्हर रूमचं प्रकरण

हे प्रकरण एका राहत्या घरातल्या सर्व्हर रूमचं आहे. मालक सॉफ्टवेअर क्षेत्रातले. व्हिडिओवरची प्रक्रिया, मोठ्या डेटाचे बॅकअप आणि मशीन लर्निंगचे प्रयोग असं सगळं काम ते घरच्याच यंत्रांवर करतात. त्यासाठी ४२ यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप, सुमारे साडेचार सेंटिमीटर) उंचीचे दोन रॅक, १४ सर्व्हर, प्रत्येकी २४ डिस्कच्या दोन शेल्फ, तीन नेटवर्क स्विच आणि ग्राफिक्स कार्डांचं एक मशीन अशी जुळणी होती. खोली तळमजल्यावरची, ४ मीटर बाय ३.६ मीटर, उंची २.८ मीटर. घराला थ्री-फेज पुरवठा, प्रत्येक फेजवर २३० व्होल्ट, पण ही अख्खी खोली एकाच फेजवर आणि एकाच आरसीसीबीवर (अर्थिंगकडे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) चालत होती.

तक्रारी दोन होत्या. आरसीसीबी केव्हाही ट्रिप व्हायची आणि कारण सापडत नव्हतं. शिवाय वीज गेली की यूपीएसची बॅटरी शिल्लक असतानाच सर्व्हर तापून बंद पडायचे. आधीच्या ठेकेदाराने यावर २० केव्हीएचा (ढोबळमानाने २० किलोवॉट क्षमतेचा) यूपीएस आणि एक जनरेटर असा उपाय सुचवला होता. मालकांना तो प्रस्ताव माझ्याकडून तपासून हवा होता.

घरातल्या सर्व्हर रूमची खरी परीक्षा वीज गेल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आणि ती परत आल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत होते, असं माझं ठाम मत आहे. एरवी ती चालतेच. म्हणून या कामात प्रत्येक निर्णय त्या वीस मिनिटांशी ताडून घेतला.

लोड खरंच किती आहे

२० केव्हीए हा आकडा आला होता पॉवर सप्लायच्या लेबलवरून. प्रत्येक सर्व्हरमध्ये ७५० वॉटचे दोन सप्लाय, १४ सर्व्हर, म्हणजे २१ किलोवॉट. या बेरजेत दोन चुका आहेत. दोन सप्लाय एकमेकांना पर्याय म्हणून असतात, त्यामुळे त्यांची क्षमता जोडायची नसते. आणि लेबलवर लिहिलेली असते ती सप्लाय देऊ शकेल ती कमाल शक्ती. सर्व्हर तेवढी ओढतोच असं नाही.

मोजमाप दाखवणारे पीडीयू (रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणाऱ्या प्लगपट्ट्या) लावून, कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही प्रकारचे दिवस येतील इतका काळ नोंदी घेतल्या. सरासरी ४.३ किलोवॉट निघाली, आणि ग्राफिक्सचं मशीन पूर्ण जोरात असताना कमाल ५.८. सर्व्हर साधारण २२० वॉटला एक, दोन्ही डिस्क शेल्फ मिळून ५०० वॉट, स्विचचे ३०० आणि ग्राफिक्स मशीनची सरासरी ४५० च्या आसपास.

त्यातले पाच जुने सर्व्हर काही काम नसतानाही प्रत्येकी २६० वॉट खात होते. त्यांचं सगळं काम ३५० वॉटच्या एका नव्या सर्व्हरवर मावलं. सरासरी ३.३५ किलोवॉटवर आली आणि कमाल ४.६ वर. वर्षभर अखंड चालणारा एक वॉट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. या एका बदलाने वर्षाला ८,३०० युनिटच्या वर वाचले, आणि तेवढी उष्णता खोलीबाहेर काढायला लागणारी वीज वाचली ती वेगळीच. यूपीएस, वायरिंग, एसी यांच्या मापाबद्दल बोलायचं ते यानंतर. जुनी यंत्रं तशीच ठेवून त्यांच्यासाठी मोठा यूपीएस घेतला असता, तर पुढचा प्रत्येक आकडा फुगला असता.

आरसीसीबी का ट्रिप होत होती

आधीच्या इलेक्ट्रिशियनने आरसीसीबी बदलून पाहिली होती. नंतर त्याने ३० मिलिअँपिअरच्या जागी १०० ची बसवा म्हणून सांगितलं. सुदैवाने मालकांनी ते ऐकलं नाही. ३० मिलिअँपिअरची मर्यादा माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते. यंत्रांची सोय म्हणून ती वाढवायची नसते.

कारण शोधायला गळती मोजणारा क्लॅम्प मीटर पुरला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र त्याच्या जबड्यात घेतल्या की जाणारा आणि परत येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात. उरतो तो फक्त अर्थिंगकडे जाणारा प्रवाह. मीटरवर जवळजवळ २१ मिलिअँपिअर दिसले. मग एकेक प्लग काढत गेलो, तर प्रत्येक प्लगमागे आकडा सुमारे ०.६ ने उतरत होता, मग सर्व्हर कुठलाही असो. एखादं यंत्र खराब असतं तर एकाच प्लगला आकडा धाडकन खाली आला असता.

म्हणजे बिघाड कुठेच नव्हता. प्रत्येक पॉवर सप्लायच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो, त्यातल्या कपॅसिटरमधून थोडा प्रवाह सतत अर्थिंगकडे जातो. अशा प्लग लावून वापरायच्या उपकरणांना मानकांमध्ये साधारणपणे ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे, त्या हिशेबाने ०.६ अगदीच थोडा. पण खोलीत असे ३६ सप्लाय होते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ पर्यंत ट्रिप होता कामा नये आणि ३० ला झालीच पाहिजे. मधल्या पट्ट्यात ती कुठेही ट्रिप होऊ शकते आणि तरीही ती निर्दोषच ठरते. ही आरसीसीबी कायम त्या पट्ट्यात उभी होती. डिस्क शेल्फ चालू होताना बसणारा छोटासा झटकाही तिला पुरत होता.

उपाय म्हणजे गळती वाटून टाकणं. एका आरसीसीबीऐवजी चार स्वतंत्र आरसीबीओ (गळती आणि जादा प्रवाह या दोन्हींवर तुटणारे ब्रेकर) बसवले. प्रत्येक रॅकला ए आणि बी असे दोन पुरवठे, दोन्हीवर एकेक पीडीयू. उरलेल्या २८ सप्लायमधले साधारण सातच एका आरसीबीओवर येतात, म्हणजे चार मिलिअँपिअरच्या थोडी वर गळती. नेहमीची गळती रेटिंगच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी असा नियम पाळला जातो, त्यात हे आरामात बसतं. आरसीबीओ ‘ए’ टाइपचे घेतले, कारण अशा उपकरणात बिघाड झाला तर गळणारा प्रवाह एकाच दिशेने धडधडणारा असू शकतो आणि जुन्या ‘एसी’ टाइपला तो ओळखता येईलच याची खात्री नसते.

ए बाजू यूपीएसमधून येते, बी बाजू दुसऱ्या फेजवरून थेट. इथे एक गोष्ट फार वेळा निसटते. दोन्ही बाजू चालू असताना लोड निम्मा-निम्मा वाटलेला असतो आणि दोन्ही पीडीयू रिकामेच वाटतात. एक बाजू गेली की दुसरीवर सगळा भार एका क्षणात येतो. त्यामुळे प्रत्येक बाजू एकटीने पूर्ण रॅक ओढू शकली पाहिजे. १६ अँपिअरचं सर्किट २३० व्होल्टला ३.६८ किलोवॉट देतं, अखंड लोडसाठी त्याचे ८० टक्के धरले तर २.९४. पहिल्या रॅकची कमाल २.६ आणि दुसऱ्याची २.० किलोवॉट, दोन्ही बसतात. मालकांना मी पीडीयूवर चिकटवायला एक आकडा लिहून दिला: निम्म्या वाट्याला १.४ किलोवॉट दिसले की त्या रॅकमध्ये नवं काही लावायचं नाही.

बॅटरीची मिनिटं आणि उष्णतेची मिनिटं

४.६ किलोवॉटच्या कमाल लोडसाठी ६ केव्हीए, ६ किलोवॉटचा ऑनलाइन (यंत्रांना कायम स्वतःच्या इन्व्हर्टरमधूनच वीज देणारा) यूपीएस पुरेसा होता. त्यात १२ व्होल्ट, ९ अँपिअर-अवरच्या १६ बॅटऱ्या. कागदावर ही १,७२८ वॉट-अवर होतात. सरासरी लोड आणि इन्व्हर्टरमधला तोटा धरून बॅटरीतून ३.६ किलोवॉट निघतात, म्हणजे गणिताने २९ मिनिटं. प्रत्यक्षात साधारण १४ मिळतात. लेड-ॲसिड बॅटरी जितक्या वेगाने उपसावी तितकी ती कमी ऊर्जा देते. अँपिअर-अवरचा छापील आकडा सहसा २० तासांत हळूहळू उपसण्याचा असतो. बॅटरी उत्पादकांच्या तक्त्यांत १५ मिनिटांना किती वॉट मिळतात याचा वेगळा रकाना असतो. यूपीएस निवडताना तोच बघायचा.

पण सर्व्हर तर १४ मिनिटांच्याही आधी बंद पडत होते. हा या प्रकरणाचा गाभा आहे.

एसी यूपीएसवर नव्हता, आणि तो तसा नसणंच बरोबर आहे. वीज गेली की थंडावा थांबतो, उष्णता मात्र निघतच राहते. ४० घनमीटर हवेचं वजन ४८ किलोच्या आसपास. ती एक अंशाने तापवायला ४८ किलोज्यूल लागतात. ३.३५ किलोवॉट दर १४ सेकंदांना तेवढी उष्णता देतात. उष्णता नुसत्या हवेतच राहिली असती तर २३ अंशांवरून ३५ अंशांवर जायला तीन मिनिटंही लागली नसती. नेहमीच्या वर्गातल्या सर्व्हरना आत जाणाऱ्या हवेसाठी ३५ ही कमाल मर्यादा असते. अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे.

एवढ्या लवकर खोली का तापत नाही? कारण भिंती, फरशी आणि रॅकचं लोखंड उष्णता पितात. या खोलीत भिंती, छत, फरशी मिळून ७० चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग आहे. हवा भिंतीपेक्षा सहा-सात अंशांनी गरम झाली की सगळे सर्व्हर जेवढी उष्णता टाकतात जवळपास तेवढी भिंती घेऊ लागतात. मग तापमान हळू चढतं.

आणि इथेच घोळ होता. पंख्यांचा आवाज घरात येतो म्हणून मालकांनी चारही भिंतींना आवाज शोषणारा फोम लावून घेतला होता. फोम उष्णतारोधक असतो. म्हणजे भिंती होत्या, पण हवा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. मुद्दाम एसी बंद करून पाहिलं, तेव्हा सर्व्हरच्या तोंडाशी सहा मिनिटांत २३ चे ३५ अंश झाले. दाराच्या बाजूची भिंत सोडून बाकी फोम काढला, आणि त्याच चाचणीत दहा मिनिटांनी ३३ अंश दिसले. फोम ज्वलनशील होता म्हणूनही तो यूपीएसच्या शेजारून जायलाच हवा होता. आवाजासाठी जड दार, त्याच्या कडांना रबरी पट्टी आणि पंख्यांचा वेग उतरवणं हे जास्त उपयोगी पडलं. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के उतरला तरी पंखा निम्म्याच विजेवर येतो.

दुसरा घोळ रॅकमध्येच होता. सर्व्हरच्या मधल्या रिकाम्या जागा उघड्या होत्या, मागची गरम हवा त्यातून पुन्हा पुढे यायची. तळाच्या सर्व्हरला २२ अंशांची हवा मिळत असताना सगळ्यात वरच्याला ३१ ची मिळत होती. साध्या ब्लँकिंग पॅनलनी त्या जागा बंद केल्यावर वरचा आकडा २५ वर आला. या संपूर्ण कामात इतक्या थोड्या खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

मग वीज गेल्यावरचा क्रम ठरवला. पहिला मिनिट काहीच करायचं नाही, कारण बहुतेक वेळा वीज तेवढ्यातच परत येते. मिनिट उलटला की नेटवर्क यूपीएस टूल्स हे मुक्त सॉफ्टवेअर गणनेचं काम करणाऱ्या सगळ्या सर्व्हरना बंद व्हायला सांगतं. तिसऱ्या मिनिटाच्या सुमाराला फक्त डिस्क शेल्फ, स्टोरेजचे दोन सर्व्हर, एक स्विच आणि लक्ष ठेवणारं एक छोटं मशीन उरतं, मिळून १.२ किलोवॉट. एवढ्या लोडवर तीच बॅटरी पाऊण तास जाते. आणि त्याहून महत्त्वाचं, खोलीत पडणारी उष्णता एक तृतीयांशावर येते. तेवढी बाहेर काढायला हवेत १० अंशांचा फरक धरला तर तासाला ३६० घनमीटर हवा पुरते. यूपीएसवर चालणारा एक एक्झॉस्ट फॅन आणि खाली जाळीचा झरोका एवढ्यावर ते भागलं.

जनरेटरचा विचार इथेच संपला. तो बसवला असता तर इंधनाचा साठा, धुरातला कार्बन मोनॉक्साइड, दर महिन्याला चालवून बघणं, सुरक्षित चेंजओव्हर हे सगळं घरात आलं असतं. मालकांना विचारलं की कुठलं काम तासभर थांबलं तर खरोखर नुकसान होईल. असं एकही काम निघालं नाही. त्यांना डेटा शाबूत हवा होता, आणि तो व्यवस्थित शटडाउनने राहतो.

वीज परत आल्यावर

याकडे लक्ष कमी जातं. वीज येताच बी बाजूच्या सगळ्या सप्लायचे कपॅसिटर एकदम भरायला लागतात, काही मिलिसेकंद प्रत्येकी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढला जातो. रेटिंगच्या तीन ते पाच पटीला तुटणारे ‘बी’ कर्व्हचे जुने ब्रेकर (या ‘बी’चा बी बाजूशी संबंध नाही) इथे पडत होते. नवे आरसीबीओ पाच ते दहा पटीच्या ‘सी’ कर्व्हचे आहेत, आणि पीडीयू एकेक आउटलेट थोड्या अंतराने चालू करतो. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना सुमारे २४ वॉट घेते, ४८ डिस्क एकदम फिरल्या तर साडेअकराशे वॉट जास्तीचे. म्हणून शेल्फमध्ये डिस्क गटागटाने सुरू होतील अशी सेटिंग केली.

एसीच्या कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू होण्याआधी साधारण तीन मिनिटांचा विराम असतो. त्या विरामात सगळे सर्व्हर पूर्ण पंख्यांनिशी बूट होऊ लागले तर आधीच तापलेली खोली पुन्हा चढते. त्यामुळे छोटं मशीन वीज स्थिर होऊन पाच मिनिटं झाल्याची, बॅटरी ठरवलेल्या पातळीपर्यंत भरल्याची आणि खोली २७ च्या खाली आल्याची वाट बघतं. मग आयपीएमआयवरून (बंद असलेला सर्व्हर दुरून चालू करता येण्याची सोय) एकेक सर्व्हर उठवतं. बॅटरीची अट मी आग्रहाने घालून घेतली. अर्धवट बॅटरीवर सगळं उभं केलं आणि वीज पुन्हा गेली तर शटडाउन पूर्ण व्हायला वेळच उरत नाही. एसीही वीज आल्यावर आपोआप सुरू होणाराच हवा. रिमोटची वाट बघणारा एसी या खोलीत कामाचा नाही.

एसी दोन आहेत, दीड टनांचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता काढणारे, वेगवेगळ्या फेजवर. कमाल लोड आणि यूपीएसचा तोटा धरूनही एकटा पुरतो. दुसरा आलटून पालटून चालतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मालकांना रॅक वरच्या मजल्यावर हलवायचे होते. भरलेला रॅक ४२० किलोचा आणि त्याचा ठसा ०.६ चौरस मीटरचा, म्हणजे चौरस मीटरला ७०० किलो. राहत्या घराचा स्लॅब सहसा २०० किलोच्या आसपास धरून बांधलेला असतो. तो विचार तिथेच थांबला. बोर्डात टाइप २ चं सर्ज संरक्षण (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारं) आलं, यूपीएस रॅकमागच्या ३६ अंशांच्या हवेतून थंड बाजूला आणला. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, तो तिथेच राहिला असता तर बॅटऱ्या अकाली गेल्या असत्या.

शेवटची चाचणी लोड चार किलोवॉटच्या आसपास असताना मेन स्विच पाडून घेतली. चौथ्या मिनिटाला सर्व्हरच्या तोंडाशी २९ अंश झाले आणि तिथून तापमान उतरू लागलं. पंधराव्या मिनिटाला बॅटरी ६० टक्क्यांच्या वर होती. एरवी यंत्रांच्या ३.३५ किलोवॉटमागे खोली एकूण ४.६५ किलोवॉट घेते, म्हणजे पीयूई (खोलीची एकूण वीज भागिले यंत्रांची वीज) १.४ च्या जवळ.

आता मालकांना ग्राफिक्स कार्डांचा तिसरा रॅक हवा आहे, कमाल दीड किलोवॉटचा. तो धरला तर कमाल लोड ६.१ वर जातो, यूपीएसला तो झेपत नाही आणि एका एसीलाही नाही. ठरलं ते असं: तिसऱ्या रॅकला ए बाजू द्यायचीच नाही. तो उरलेल्या फेजवर, स्वतःच्या आरसीबीओवर राहील आणि वीज गेली की त्याच क्षणी बंद पडेल. त्याचं काम दर दहा मिनिटांनी स्टोरेजवर जतन होतं, त्यामुळे फार तर दहा मिनिटांची गणना पुन्हा करावी लागेल. दोनपैकी एक एसी बंद पडल्याचं लक्षात आलं तर छोटं मशीन सगळ्यात आधी हाच रॅक बंद करेल.